रात्री उजवीकडे सरकणारा आवाज: एका टेबलावरच्या दोन स्पीकरांचं प्रकरण

मावसबहिणीचा निरोप आला तो असा: “दादा, माझा डावा स्पीकर चाललाय बहुतेक. संगणकाला मागे आवाजाची तीन-चार प्रकारची भोकं आहेत, त्यातलं कुठलं वापरायचं तेही सांग. बाहेरचा डॅक घ्यायचा विचार आहे.”

(डॅक म्हणजे आकड्यांतला आवाज विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग.) तपासणी अजून व्हायची होती, पण निदान झालं होतं आणि खरेदी जवळजवळ ठरली होती. आवाजाच्या तक्रारींत हे नेहमीचं आहे. कानाला काहीतरी खटकतं आणि माणूस थेट नवीन वस्तूंची वर्णनं वाचायला बसतो.

ती घरून व्हिडिओ संपादनाचं काम करते. निवेदनाचा आवाज, खाली संगीत, मधे एखादी मुलाखत. संगणक डेस्कटॉप. स्पीकर दोन, मध्यम आकाराचे, स्वतःचा अॅम्प्लिफायर असलेले. म्हणजे अॅम्प्लिफायर उजव्या खोक्यात. आवाजाचा नॉब, विजेची वायर आणि सगळे इनपुट त्यालाच. डावा नुसता खोका, दोन तारांनी उजव्याला जोडलेला. ही रचना लक्षात ठेवा, पुढे तिनेच घोळ घातला आहे.

तक्रारीत मला विचित्र वाटली ती दुसरीच गोष्ट. तिच्या टेबलावर आवाज उजवीकडे कलतो असं ती म्हणत होती. ज्यांच्यासाठी ती काम करते त्यांची कुरकुर मात्र उलटी होती: “निवेदन डाव्या कानातूनच बोलतंय.” आणि तिसरं, तिने सहज बोलता बोलता सांगितलेलं: “दिवसा बरा असतो गं… आय मीन, बरा असतो रे. रात्रीच बिघडतो.” स्पीकरला दिवस-रात्र कळत नाही. तेव्हा रात्री दुसरं काय बदलतं, इथून सुरुवात केली.

रात्री बदलतो तो नॉब. घरात बाकीचे झोपलेले असतात, म्हणून ती आवाज अगदी बारीक करते. हे उत्तर तिने पटकन दिलं, पण त्याचा अर्थ लागायला दुपार गेली.

आधी कान, मग फाइल

दोन स्पीकरांच्या मधोमध माणूस बोलतोय असं आपल्याला ऐकू येतं, तेव्हा मधे काहीच नसतं. दोन्हीकडून अगदी सारखा आवाज एकाच वेळी आला की मेंदू त्याला मधली जागा देतो. अॅलन ब्लुमलाइन या इंग्रज इंजिनिअरने १९३१ साली पेटंटसाठी अर्ज केला तो याच दोन कानांच्या खेळावर. आजचा स्टिरिओ तिथून आला. पण हा आभास नाजूक असतो. एक-दोन डेसिबलचा फरक पडला तरी मधला माणूस खुर्ची सरकवतो.

म्हणून तपासणीला गाणं घ्यायचं नाही. गाण्यात गिटार डावीकडे आणि तबला उजवीकडे मुद्दाम ठेवलेला असू शकतो. तिचंच एका माइकवर रेकॉर्ड केलेलं निवेदन घेतलं, विंडोजच्या साऊंड सेटिंगमधलं ‘मोनो ऑडिओ’ चालू केलं. आता डाव्या-उजव्या बाजूला जाणारा सिग्नल हुबेहूब एकच. तिला डोळे मिटायला लावले आणि विचारलं, “मी कुठून बोलतेय ते बोटाने दाखव.” (बोलत होती तीच, पण प्रश्न तसाच विचारावा लागतो.) बोट पडद्याच्या मध्यापासून चांगलं वीतभर उजवीकडे गेलं. नॉब रात्रीच्या जागेवर होता.

मग हेडफोन, पुढच्या जॅकवर. आवाज बरोबर कपाळाच्या मध्यात. हेडफोन उलटा घालायला सांगितला, डावा उजव्या कानावर. तरी मध्यात. ही उलटापालट लोक करत नाहीत आणि मग कानातल्या मळाचा दोष स्पीकरवर जातो. दोन्ही कान तंतोतंत सारखे असणारी माणसं थोडी. सर्दी झाली तरी एक कान मागे पडतो. तिचे कान मात्र ठीक, फाइलही ठीक.

शंभर आणि चौऱ्याऐंशी

साऊंडच्या सेटिंगमध्ये स्पीकरच्या नावावर टिचकी मारली की डाव्या आणि उजव्या चॅनेलच्या वेगळ्या पट्ट्या दिसतात. डावीकडे १००, उजवीकडे ८४.

“हे कुणी केलं?”

“अं… मीच असेन. मागे एकदा उजवा जास्त वाटत होता ना, तेव्हा.”

म्हणजे उजवी बाजू मुद्दाम कमी केलेली असतानाही आवाज उजवीकडे कलत होता. दोष आधी वाटला त्याहून मोठा निघाला. पण या ८४ ने आणखी एक कोडं सुटलं. मधे तिने ऑप्टिकल, म्हणजे उजेडातून आवाज नेणारी, केबल लावून पाहिली होती आणि “ऑप्टिकल तर याहून वाईट, दिवसासुद्धा उजवीकडे” असा निकाल देऊन ती काढून ठेवली होती. विंडोजमध्ये प्रत्येक आउटपुट हे स्वतंत्र उपकरण असतं. त्याचा व्हॉल्यूम वेगळा, बॅलन्स वेगळा, सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने) वेगळा, इफेक्ट वेगळे. हिरव्या जॅकला, म्हणजे संगणकामागच्या स्पीकरच्या नेहमीच्या भोकाला, तिने ८४ ची पाचर मारली होती. ऑप्टिकल १००-१०० वर कोरं होतं. तिने दोन आउटपुटची तुलना केली असं तिला वाटत होतं. प्रत्यक्षात तिने पाचर लावलेलं आणि न लावलेलं असं ऐकलं होतं.

माझ्या मते आउटपुट निवडण्याबद्दलचे निम्मे वाद या एका कारणाने होतात. एकीकडे ‘बास बूस्ट’ चालू असतो, दुसरीकडे नसतो. एकीकडून आवाज दोन डेसिबल मोठा येतो आणि मोठा आवाज माणसाला नेहमी चांगलाच वाटतो. मग ठरतं की यूएसबीच्या आवाजाला ‘खोली’ (डेप्थ) आहे.

पट्ट्या सगळीकडे १००-१०० केल्या, इफेक्ट बंद केले, आणि मगच पुढे गेलो.

अदलाबदल

साखळीत दोष कुठे आहे हे शोधायला मीटर लागत नाही. डावं उजवं करायचं आणि दोष सोबत येतो की जागीच बसतो ते बघायचं.

पहिली अदलाबदल स्पीकरच्या मागे, संगणकाकडून येणाऱ्या केबलच्या आरसीए प्रकारच्या लाल आणि पांढऱ्या पिनांची. दोष संगणकात, जॅकमध्ये किंवा केबलमध्ये असता तर कल आता डावीकडे जायला हवा होता. आवाज उजवीकडेच राहिला. एका मिनिटात साऊंड चिप, ड्रायव्हर, हिरवा जॅक आणि केबल निर्दोष सुटले. बाहेरच्या डॅकची गरजही, निदान या तक्रारीपुरती, तिथेच संपली. डॅक बदलून साखळीचं जे टोक दुरुस्त होतं, त्या टोकाला दोष नव्हताच.

इथे एक व्यवहारी सूचना: पिना काढण्याआधी नॉब शून्यावर आणा. आरसीएची मधली टोचणी बाहेरच्या कड्याच्या आधी टेकते आणि स्पीकर असा भुंकतो की हातातली केबल पडते.

दुसरी अदलाबदल खोक्यांची. अॅम्प्लिफायरवाला उजवा उचलून डावीकडे, डावा उजवीकडे. तारा पुरतील इतक्या लांब होत्या, हे नशीब. नॉब मधोमध ठेवून ऐकलं, तर आवाज अजूनही उजवीकडे. खोके बदलले, कल बदलला नाही, तेव्हा दोष जागेचा. नॉब रात्रीच्या जागेवर आणला, आणि आवाज आला जवळपास मध्यात!

“बास!” ती म्हणाली. “असंच राहू दे. झालं काम.”

मोह मलाही झाला. पण नॉब मधोमध असताना उजवीकडे आणि बारीक असताना मध्यात, याचा अर्थ एकच: दोष दोन आहेत. एक जागेचा, कायम उजवीकडे ओढणारा. दुसरा अॅम्प्लिफायरच्या खोक्यातला, फक्त बारीक आवाजात जागा होणारा. खोका डावीकडे नेल्यावर दोघांनी एकमेकांना पेललं, इतकंच. अशी योगायोगाची दुरुस्ती नॉब हलला की सुटते.

खोके परत जागेवर ठेवले आणि एकेकाला वेगळं पकडलं.

मोजपट्टी

तिच्या टेबलावर वर्षभरापूर्वी दुसरा मॉनिटर आला. तो डावीकडे बसला, मुख्य मॉनिटर उजवीकडे सरकला, त्याच्यामागून खुर्ची सरकली. डावा स्पीकर होता तिथेच राहिला, नव्या मॉनिटरच्या मागे अर्धा दडून. हे तिने मला सांगितलं नव्हतं, कारण तिच्या लेखी त्याचा आवाजाशी संबंध नव्हता.

कपड्याची मोजपट्टी घेतली. उजव्या स्पीकरपासून तिच्या डोक्यापर्यंत ६२ सेंटिमीटर, डाव्यापासून ८४. बावीस सेंटिमीटरने काय होतं? मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबल उतरतो. ८४ आणि ६२ च्या गुणोत्तराने हिशेब केला तर फरक २.६ डेसिबल निघतो. खोलीत भिंतींवरून परतणारा आवाज तो थोडा भरून काढतो, पण इतक्या जवळून ऐकताना थेट येणाराच आवाज जास्त, त्यामुळे फारसा नाही. शिवाय वेळ. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे एका मिलिसेकंदात ३४ सेंटिमीटर. उजव्याचा आवाज ०.६४ मिलिसेकंद आधी पोचत होता. ऐकताना हा उशीर कळत नाही, पण जो आधी येतो त्याच्या बाजूला मेंदू झुकतो. मोठा आवाजही उजवीकडून आणि आधीचाही उजवीकडूनच, असे दोन्ही पुरावे एकाच बाजूला पडलेले.

त्यात मॉनिटरची आडकाठी. १०० हर्ट्झच्या खर्ज आवाजाची लाट साडेतीन मीटर लांब असते, तिला मॉनिटर म्हणजे काहीच नाही. वळसा घालून येते. १०,००० हर्ट्झची लाट साडेतीन सेंटिमीटरची. ती मॉनिटरच्या पाठीवर आपटून तिथेच थांबते. म्हणून डावीकडून ‘स’, ‘श’, ‘च’ यांची धार गेली होती आणि नुसता गुबगुबीत आवाज येत होता. “डावा चाललाय” हे तिचं निदान इथून आलं असावं. घोंगडी पांघरून बोलणारा माणूस आजारी वाटतोच.

डावा बाहेर काढला. दोन्ही स्पीकर एकमेकांपासून ७५ सेंटिमीटर आणि तिच्या डोक्यापासूनही ७५, म्हणजे तिन्ही बाजू सारख्या असलेला त्रिकोण. ट्वीटर, म्हणजे वरचा छोटा गोल, कानाच्या उंचीला यावा म्हणून खाली दोन-दोन जाडजूड वह्या सरकवल्या. तोंडं थोडी आत वळवली. दुसरा मॉनिटर आता जरा तिरका बसलाय आणि तिला ते आवडलेलं नाही.

हे करताना डाव्या स्पीकरची तार निसटली. टेबलाखाली वाकून, मोबाइलचा उजेड दातात धरून मी ती परत लावली. वर येऊन ऐकतो तर निवेदन खोलीतून गायबच. आवाज होता, पण कुठून येतोय ते सांगता येईना. डोक्याच्या मागून, भिंतीतून, कुठूनही. खर्ज तर पूर्ण गेलेला.

“दादा, तू मोडलास तो.”

मोडला नव्हता. लाल तार काळ्या चापात गेली होती. एका स्पीकरचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो. एकाने ढकललेली हवा दुसरा ओढून घेतो. खालच्या सुरांत हे एकमेकांना जवळजवळ पुसून टाकतात, आणि मधला माणूस तर दोन्हीकडे तंतोतंत सारखं असण्यावरच उभा असतो, तो आधी पडतो. तार नुकतीच हलवलेली असेल आणि आवाज पोकळ, पातळ, बेवारस वाटत असेल तर हेच आधी बघावं. दोनपैकी एकाच टोकाला तारा उलटवायच्या. दोन्ही टोकांना उलटवल्या तर होतं तिथेच परत.

तारा सुलट केल्या. नॉब मधोमध ठेवून तिने पुन्हा डोळे मिटून बोट दाखवलं, ते पडद्याच्या मध्यावर.

नॉबच्या पोटात

नॉब बारीक केला की कल परत हजर. आता उरला होता खोक्यातला दोष.

फोनवर आवाज मोजायचं फुकटचं अॅप घेतलं. फोनचा आकडा खरा मानू नये, पण एकाच जागेवरून घेतलेल्या दोन आकड्यांतला फरक मानायला हरकत नाही. पिंक नॉइज, म्हणजे धबधब्यासारखी सलग सरसर, आधी फक्त डावीकडून, मग फक्त उजवीकडून. फोन प्रत्येक स्पीकरच्या पुढे तीस सेंटिमीटरवर, त्याच उंचीला. नॉब घड्याळातल्या बारावर होता तेव्हा दोन्हीत अर्ध्या डेसिबलचाही फरक नाही. नॉब आठच्या जरा पुढे, तिच्या रात्रीच्या जागेवर: उजवा साडेतीन डेसिबलने वर.

या नॉबच्या मागे एका दांड्यावर दोन पोटेन्शियोमीटर असतात, एक डाव्यासाठी, एक उजव्यासाठी. प्रत्येकात कार्बनचा एक पट्टा आणि त्यावर घासत जाणारा धातूचा एक पाय. दोन्ही पट्टे कारखान्यात कितीही सारखे केले तरी उन्नीस-बीस राहतंच. नॉब मोठा असताना हा फरक झाकला जातो. सुरुवातीच्या टोकाला मात्र पट्ट्याचा इतका लहानसा भाग वापरात असतो की तेवढाच उन्नीस-बीस दीडपट फरक होऊन बसतो. स्पीकर खराब नाही, जुनाही नाही. या किमतीच्या बहुतेक स्पीकरांत हे जन्मतःच थोडंफार असतं.

नॉब भरभर पंचवीस-तीस वेळा या टोकापासून त्या टोकाला फिरवला. धूळ किंवा गंज असेल तर त्याने फरक पडतो, आणि तेव्हा फिरवताना खरखरही येते. इथे खरखर नव्हती, फरकही पडला नाही. खोका उघडायला मी तिला मना केलं. आत विजेचा पुरवठा आहे, आणि वायर काढल्यावरही त्यातले कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) काही वेळ भरलेले राहतात.

आता दिवस-रात्रीचं कोडं पूर्ण सुटलं. दिवसा नॉब बारावर, दोष फक्त जागेचा, आणि ८४ ची पाचर तो जवळपास झाकत होती. रात्री नॉब आठवर, जागेचा दोष अधिक साडेतीन डेसिबल, पाचर अपुरी. ती रात्री काम करायची, निवेदन उजवीकडे ऐकायची, आणि संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये पॅनचा, म्हणजे आवाज डावी-उजवीकडे सरकवण्याचा, काटा डावीकडे ढकलायची. विंडोजचा बॅलन्स फक्त तिच्या खोलीपुरता असतो, तो फाइलमध्ये उतरत नाही. पॅन उतरतो. तिच्या टेबलाचा तिरपेपणा निर्यात होऊन लोकांच्या डाव्या कानात पोचत होता.

उपाय सरळ होता, पण सगळीकडे दिल्या जाणाऱ्या सल्ल्याच्या विरुद्ध. तो सल्ला असा की संगणकाचा व्हॉल्यूम शंभरवर ठेवा आणि कमी-जास्त स्पीकरच्या नॉबने करा, म्हणजे सिग्नल पुरेसा भरघोस राहतो. सल्ला चुकीचा नाही. पण ज्या नॉबचं खालचं टोक वाकडं आहे तिथे तो पाळला की वाकड्या टोकावरच बसायला लागतं. तिने नॉब बारावर ठेवावा आणि रात्री संगणकातून आवाज कमी करावा, असं ठरवलं. डिजिटलमध्ये दोन्ही बाजूंना एकाच आकड्याने गुणलं जातं, तिथे डावं-उजवं मागे-पुढे होत नाही.

“पण मग क्वालिटी जाते ना?”

प्रश्न रास्त होता. डिजिटल आवाज साधारण ६ डेसिबल कमी केला की एक बिट, म्हणजे आवाजाची पातळी लिहिणाऱ्या आकड्यातलं एक घर, खर्ची पडतो. ३० डेसिबल कमी केले तर पाच बिट. १६ बिटांच्या आउटपुटवर ते जाणवू शकतं. २४ बिटांवर १६ बिटांच्या फाइलखाली आठ बिट मोकळे असतात, म्हणजे ४८ डेसिबलची रिकामी जागा. पाच बिट त्यातून गेले तर मूळ आवाजाच्या अंगाला काही लागत नाही. फक्त आउटपुटच्या सेटिंगमध्ये २४ बिट निवडलेले हवेत. तिथेच ४८,००० हर्ट्झ निवडले, कारण व्हिडिओचा आवाज बहुतेक ४८,००० चाच असतो आणि विंडोज नाहीतर प्रत्येक वेळी रूपांतर करत बसतं.

मग भोक कुठलं?

कल सुटला तोवर आउटपुटचा प्रश्नच आला नव्हता, हे तिलाही जाणवलं. पण प्रश्न खोटा नव्हता. हिरव्या जॅकवर एक बारीक किर्र होती. माउसचं चाक फिरवलं की किर्र, व्हिडिओ रेंडर व्हायला, म्हणजे त्याची अंतिम फाइल बनायला, लागला की तिचा सूर वर.

हिरवी पिन संगणकातून काढली, स्पीकरच्या बाजूला राहू दिली. किर्र बंद. मग तीच पिन बॅटरीवर चालणाऱ्या लॅपटॉपला लावली: आवाज स्वच्छ. लॅपटॉपला तीन पिनांचा चार्जर लावताच पातळ गुणगुण सुरू. इथे ग्राउंड लूप पकडला जातो. संगणक आणि स्पीकर यांना जोडणारे दोन रस्ते होतात, एक केबलच्या जाळीतून आणि एक भिंतीतल्या अर्थिंगमधून, आणि त्या वर्तुळात संगणकाच्या पोटातली वळवळ सिग्नलवर चढते. यावर कुणी अर्थिंगची पिन काढून टाकायला सांगेल. ती पिन जीव वाचवायला असते, किर्र घालवायला तिला हात लावायचा नाही. दोन्ही प्लग एकाच पट्टीवर आणले तर किर्र निम्मी झाली. पुरी गेली नाही.

पुढचा जॅक: जास्तच किर्र. तो मदरबोर्डपासून एका लांब वायरीने, ग्राफिक्स कार्डाच्या शेजारून, पुढे आणलेला असतो. हेडफोनला चालतो, स्पीकरला नको.

एचडीएमआयने आवाज मॉनिटरमध्ये जातो आणि मॉनिटरच्या मागच्या छोट्या जॅकमधून बाहेर येतो. म्हणजे डिजिटलचं अॅनालॉग करण्याचं काम मॉनिटरकडे, आणि मॉनिटर बनवणाऱ्याने त्या जॅकवर फार जीव लावलेला नसतो. वर मॉनिटर झोपला की आउटपुट नाहीसं होतं आणि विंडोज आवाज भलतीकडे पाठवतं. मोठ्या होम थिएटरला एचडीएमआय उत्तम, आठ चॅनेल नेतं. दोन स्पीकरांच्या टेबलावर त्याचा उपयोग नाही.

ब्लूटूथ तिच्या कामासाठी बादच. दीड-दोनशे मिलिसेकंदांचा उशीर सहज होतो. सेकंदाला २५ चित्रं धरली तर एक चित्र ४० मिलिसेकंदांचं, म्हणजे ओठ आणि आवाज चार-पाच चित्रांनी चुकणार.

राहिले यूएसबी आणि ऑप्टिकल. दोन्हीत आवाज आकड्यांच्या रूपात स्पीकरपर्यंत जातो आणि त्याचं रूपांतर स्पीकरमधल्याच डॅकवर होतं, त्यामुळे दर्जात फरक कानाला मिळाला नाही. फरक पडला तो तारेत. यूएसबीच्या तारेत तांबं आहे, ग्राउंड आहे. किर्र पातळ झाली, पण रेंडरच्या वेळी राहिलीच. बाहेरचा यूएसबी डॅक घेतला असता तरी तांब्याचा रस्ता तसाच राहिला असता आणि नॉब त्याच्या पुढेच असता. दोन्ही दोष जागच्या जागी, वर एक नवीन खोकं.

ऑप्टिकलमध्ये प्लास्टिकचा धागा आणि लाल उजेड. तोशिबाने १९८३ मध्ये आणलेली ही जोडणी, आणि विजेचा संबंधच नसल्याने लूप जुळतच नाही. तिची काढून ठेवलेली केबल परत लावली. काहीच ऐकू येईना. पाहतो तर एका टोकाला पारदर्शक टोपण तसंच. दुसऱ्या टोकाचं तिने काढलं होतं. मधल्या काळात ठेवताना याला मात्र इमानाने परत घातलेलं. टोपण काढलं, भोकात लाल ठिपका दिसला, पिन ‘टक्’ करून बसली. माउसचं चाक फिरवलं, रेंडर लावला, कान स्पीकरला टेकवला. शांत.

ऑप्टिकलचे दोन त्रास मी आधीच सांगून ठेवले. एखादा प्लेयर आवाज डॉल्बीच्या गाठोड्यात (अनेक चॅनेल एकत्र बांधून) पाठवायला लागला तर हे स्पीकर गप्प बसतील. तिथे साधं दोन चॅनेलचं पीसीएम, म्हणजे न बांधलेला आवाज, निवडायचं. आणि थोडा वेळ शांतता झाली की स्पीकरचा डॅक डुलकी घेतो, पुढच्या आवाजाचा पहिला तुकडा खातो. दोन दिवसांत तिचा फोन आला: “दादा, मेलची घंटी ‘टिंग’ऐवजी ‘इंग’ करते.” तेच ते. संपादन करताना टाइमलाइनवर एक सेकंदाची आघाडी ठेवून चालवलं की शब्दाचं तोंड जात नाही.

नॉबवर बाराच्या जागी तिने नेलपॉलिशचा ठिपका दिला आहे. पॅनचा निर्णय मात्र स्पीकरवर घ्यायचा नाही, हेडफोनवर घ्यायचा, असं तिने स्वतःच ठरवलं. टेबल कोपऱ्यात आहे, उजवा स्पीकर भिंतीच्या जवळ, तिकडून खर्ज अजून थोडा फुगलेला येतो आणि टेबल हलवायला जागा नाही.

जुने प्रकल्प उघडून पाहिले. तीन प्रकल्पांत निवेदन डावीकडे ढकललेलं सापडलं, एकात तर पॅनचा काटा उणे १८ वर. दोन तिने मध्यावर आणून परत पाठवले. तिसरा आधीच प्रसिद्ध होऊन बसला आहे. तो अजून डाव्या कानातच बोलतो.